प्रधान राजाचा कीं प्रजेचा?

सन २०२५ च्या एप्रिल महिन्याच्या १० व्या तारखेस युरोपांतील लीख्टेनस्टाईन या चिमुकल्या राज्याच्या प्रधानकीचीं वस्त्रें ब्रिगिटे हास या बाईंस मिळालीं. ज्या देशांत १९८४ सालापर्यंत स्त्रियांस मत देण्याचाही अधिकार नव्हता, त्या देशांत पुढें एकेचाळीस वर्षांनीं एक स्त्री मुख्य प्रधान व्हावी ही गोष्ट आनंदाची आहे, व तिजबद्दल तेथील लोकांचें अभिनंदन करण्यांत आम्ही कोणाच्याही मागें राहूं इच्छीत नाहीं. परंतु कायद्याच्या धंद्यांत वर्षें घालविलेल्या माणसास एक खोड असते. सनद कोणास मिळाली यापेक्षां ती कोणीं दिली, व ती काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हें तो आधीं पाहतो. या खोडीस अनुसरून आम्हीं लीख्टेनस्टाईनच्या राज्यघटनेचें ८० वें कलम उघडून पाहिलें. त्यांत असें आहे कीं, मंत्रिमंडळावरील राजाचा किंवा लोकप्रतिनिधींच्या सभेचा विश्वास उडाला म्हणजे त्या मंत्रिमंडळाचा अधिकार संपतो. ‘किंवा’ हें लहानसें अव्यय वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें. या अव्ययापर्यंत तें राज्य कसें येऊन पोंचलें, हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

कोणी म्हणेल कीं, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्या सांध्यांत अडकलेलें, अवघें १६० चौरस किलोमीटरांचें, सुमारें ४० हजार वस्तीचें हें राज्य. आमच्याकडील एखाद्या बऱ्याशा तालुक्याच्या गांवीं याहून अधिक माणसें नांदतात. त्याच्या प्रधानांची कुळकथा सांगून वर्तमानपत्राचे रकाने कां अडवावे? यास आमचें उत्तर असें कीं, मोठ्या राष्ट्रांत सैन्य, खजिना, वसाहती, परराष्ट्रांचीं कारस्थानें इत्यादींच्या गर्दींत जो प्रश्न दिसेनासा होतो, तो येथें उघड्यावर पडलेला आहे. या राज्यास १८६८ सालापासून सैन्यच नाहीं. तेथें राजा आणि प्रजा यांचा वाद झाला तर तो कागदावर, सभेंत व मतपेटींतच झाला पाहिजे. आणि तसा तो शंभरांहून अधिक वर्षें चाललेला आहे.

मूळ पाहूं गेल्यास हें राज्य रोख पैसे देऊन विकत घेतलेलें आहे. लीख्टेनस्टाईन घराणें हें व्हिएन्नाच्या बादशाही दरबारांतील एक धनाढ्य सरदार घराणें. जमीनजुमला अपार, परंतु साम्राज्याच्या सभेंत बसण्यास जो थेट बादशहाकडून मिळालेला मुलूख लागे तो त्यांजकडे नव्हता. ती उणीव भरून काढण्याकरितां त्यांनीं १६९९ सालीं शेलेनबर्गची जहागीर व १७१२ सालीं फाडूझचा परगणा खरेदी केला, आणि १७१९ च्या जानेवारींत बादशहा सहावा चार्ल्स यानें दोहोंस मिळून एक राज्य ठरवून त्यास घराण्याचें नांव दिलें. ज्या मुलखाच्या जोरावर हा मान मिळाला तो मुलूख पाहण्याची मात्र या राजांस घाई नव्हती. राज्यावर असलेला राजा प्रथम आपल्या प्रजेच्या दृष्टीस पडला तो १८४२ सालीं. म्हणजे मुलूख घेतल्यापासून सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं!

मधल्या काळांत कारभार कोण पाही? राजा व्हिएन्नास, त्याची कचेरी व्हिएन्नास, आणि तेथून नेमून पाठविलेला एक कारभारी फाडूझास. या कारभाऱ्यास प्रथम ‘लांडफोग्ट’ व पुढें ‘लांडेसफरवेझर’ म्हणत. नांव बदललें, वस्तु तीच राहिली. पूर्वी तेथील शेतकरी धन्यानें सुचविलेल्या इसमांतून आपला ‘लांडआमान’ म्हणजे मुख्य पाटील निवडीत असत. १८०८ सालच्या हुकुमानें ती जुनी वहिवाट मोडण्यांत आली, व योसेफ शुप्लर नांवाचा परमुलखांतील अंमलदार जवळजवळ वीस वर्षें त्यांच्या डोक्यावर बसला. शुप्लर आळशी नव्हता. जमिनीची नोंद, शाळा, न्यायकचेरी या सर्वांस त्यानें शिस्त लाविली, हें त्याच्या निंदकांसही कबूल करावें लागतें. परंतु ज्या लोकांवर ही शिस्त लादली त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. आमच्या दक्षिणी संस्थानांत बाहेरून आलेल्या दिवाणांचा कारभार ज्यांनीं पाहिला अथवा वडिलांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांस हें चित्र अपरिचित वाटणार नाहीं.

१८४८ च्या वादळांत पेटर कायझर या इतिहासकाराच्या पुढारीपणाखालीं लोकांनीं हक्क मागितले; कांहीं मिळाले, आणि वादळ शमतांच १८५२ सालीं ते परत घेण्यांत आले. १८६२ सालीं राजे योहान दुसरे यांनीं घटना दिली. तींत लांडटाग म्हणजे कायदेमंडळ पंधरा सभासदांचें. पैकीं बारा लोकांनीं अप्रत्यक्ष रीतीनें निवडावयाचे, तीन राजानें नेमावयाचे. पण मुख्य कारभारी नेमणें व काढणें हें सर्वस्वीं राजाच्या मर्जीवर ठेविलें होतें. सभेनें कितीही डोकें फोडलें तरी कारभाऱ्याचें आसन तिळभरही हालूं नये अशी ती व्यवस्था होती. या योहान राजांनीं सत्तर वर्षें राज्य केलें, देणग्या सढळ हातानें दिल्या, व प्रजेनें त्यांस ‘सज्जन योहान’ असें नांव दिलें. त्यांच्या सज्जनपणाविषयीं आम्हांस शंका नाहीं. राजा सज्जन असला म्हणजे प्रजेनें आपला कारभारी आपण नेमण्याची इच्छा धरूं नये, एवढेंच आम्हांस पटत नाहीं.

ती इच्छा अखेर १९१८ सालीं उघड झाली. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रियाबरोबर जकातीच्या कराराचा दोर बांधलेला असल्यामुळें या तटस्थ राज्याचीही उपासमार झाली होती. त्याच वर्षीं सभासद प्रथमच लोकांच्या प्रत्यक्ष मतांनीं निवडले गेले. विल्हेल्म बेक नांवाचा ट्रीझनबर्ग गांवचा एक वकील, ज्यानें १९१४ सालीं स्वतःचें वर्तमानपत्र काढून ‘लीख्टेनस्टाईन लीख्टेनस्टाईनकरांचें’ ही मागणी चालविली होती, तो या सभेंत लोकपक्षाचा पुढारी झाला. ऑस्ट्रियाची बादशाही कोसळत असतां, ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं, सभेनें व्हिएन्नाहून आलेले कारभारी लिओपोल्ड फॉन इमहोफ यांस अधिकार खालीं ठेवावयास लाविलें, व मार्टिन रिटर या देशी वकिलाच्या अध्यक्षतेखालीं एक तात्पुरती कार्यकारी समिति नेमिली. एक थेंब रक्त सांडलें नाहीं. कायद्याच्या कांट्यावर तोलल्यास तें कृत्य घटनेबाहेरचें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या घटनेंत प्रजेला आपला कारभारी बदलण्याची एकही वाट ठेविलेली नाहीं, ती मोडल्याचा दोष वाट शोधणाऱ्यांवर किती घालावा व वाट बुजविणाऱ्यांवर किती, याचा हिशेब त्या कृत्यास बंड म्हणणाऱ्यांनीं कधीं केलेला दिसत नाहीं.

समिति महिनाभर टिकली. तिच्यामागून राजघराण्यांतील प्रिन्स कार्ल हे कारभारी झाले, आणि १९२० सालीं पुन्हां एक ऑस्ट्रियन, फेल्डकिर्खचे डॉक्टर योसेफ पेअर. लोकपक्षानें इतका गिल्ला केला कीं, सप्टेंबर १९२० मध्यें फाडूझच्या किल्ल्यावर वाटाघाट होऊन पेअर यांची नेमणूक सहा महिन्यांपुरतीच ठरली, व पुढील प्रधान देशांत जन्मलेला असावा हें तत्त्व मान्य झालें. मौज अशी कीं, परदेशी प्रधानास मज्जाव करणाऱ्या घटनेचा मसुदा तयार करण्यांत याच परदेशी पेअर यांचा मोठा हात होता, व तें काम त्यांनीं उत्तम केलें. ५ ऑक्टोबर १९२१ च्या त्या घटनेप्रमाणें राज्याची सत्ता राजा व प्रजा या दोघांच्या ठायीं आहे. राजानें सभेच्या शिफारशीवरून व तिच्या संमतीनें प्रधान नेमावा. आणि प्रधानाच्या वर्तनानें लोकांचा व सभेचा विश्वास उडाल्यास सभेनें त्यास काढण्याविषयीं राजाकडे मागणी करावी. योसेफ ओस्पेल्ट हे या घटनेचे पहिले देशी प्रधान.

आतां या तरतुदींत राहिलेली फट पहा. सभेची मागणी आली म्हणजे राजानें काय करावें? आणि सभेची मागणी नसतां राजानें आपण होऊन प्रधानास निरोप दिला तर? घटनेनें सत्तेचे धनी दोन सांगितले, पण त्या दोघांचें जमेनासें झालें म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, हें सांगितलें नाहीं.

ही फट प्रथम १९२८ सालीं उघडी पडली. ओस्पेल्ट यांच्यामागून १९२२ सालीं लोकपक्षाचे गुस्ताव्ह शेडलर प्रधान झाले होते. त्यांच्याच वेळीं स्वित्झर्लंडशीं १९२३ सालीं जकातीचा करार झाला, स्विस फ्रँकचें नाणें आलें, आणि आज त्या देशांत जी व्यापारी समृद्धि दिसते तिचा पाया घातला गेला. आमच्या व्यापारी वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. परंतु सप्टेंबर १९२७ मध्यें ऱ्हाईन नदीनें बांध फोडून अर्धा मुलूख बुडविला, आणि ते घाव वाळले नाहींत तोंच १९२८ सालीं सरकारी बचत बँकेंतील पैसा लॉटरीच्या सट्ट्यांत उडाल्याचें बाहेर आलें. त्या बँकेचा जामीन सरकारच असल्यामुळें संबंध राज्यच गोत्यांत आलें. वृद्ध राजे योहान यांनीं शेडलर यांस राजीनामा देण्यास लाविलें, सभा बरखास्त केली, आणि नव्या निवडणुकींत नागरिक पक्ष विजयी झाला. शेडलर मंत्रिमंडळाची देखरेख ढिली होती हें खरें, व अशा प्रधानानें जावयासच पाहिजे होतें. पण त्यास सभेनें हिशेब विचारून काढणें आणि राजानें बोलावून काढणें यांत महदंतर आहे. पहिल्या रीतीनें लोक हिशेब विचारावयास शिकतात. दुसऱ्या रीतीनें ते राजवाड्याकडे तोंड करून बसावयास शिकतात.

पुढील प्रधान योसेफ होप, वय अवघें ३२. यांची कारकीर्द १९४५ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें चालली. आणि आमच्या मतें या लहानशा इतिहासांतील सर्वांत कठीण काळ तो हाच. मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, व जर्मन राइखची हद्द फेल्डकिर्खपाशीं येऊन भिडली. सुमारें ११ हजार लोकांचा देश, सैन्य नाहीं, आणि देशांतच नात्सी पंथाच्या भक्तांची टोळी. होप यांनीं काय केलें? कालपर्यंत एकमेकांचे गळे धरणाऱ्या दोन पक्षांस एका मंत्रिमंडळांत बसविलें. तरुण राजे फ्रान्झ योसेफ दुसरे हे त्याच वर्षीं फाडूझास येऊन कायमचे राहिले. असें करणारे ते पहिलेच राजे. १९३९ सालीं प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कायदा करून निवडणुकीचा सामनाच टाळण्यांत आला. २४ मार्च १९३९ रोजीं नात्सी टोळीनें फाडूझवर चाल करण्याचा घाट घातला, तो गांवकऱ्यांनीं वाटेंतच अडवून मोडला, व बर्लिनच्या पाठिंब्यावांचून ती फसगत तेथेंच संपली. जो दोन पक्षांचा संसार त्या भीतीनें सुरू झाला तो १९९७ पर्यंत मोडला नाहीं.

होप यांच्या धोरणास कांहीं विद्वान लवचीक म्हणतात, कांहीं मिंधें म्हणतात. त्यांच्या मंत्रिमंडळांत जर्मनीकडे कललेलीं माणसें होतीं. आश्रयास आलेल्या यहुदी लोकांपैकीं कांहींस घेतलें व कांहींस सरहद्दीवरूनच परतविलें. १९४३ सालीं राजाच्या हुकुमानें सभेची मुदत वाढविली. हे डाग पुसून टाकण्याचें कारण नाहीं. तरी देश वांचला.

मे १९४५ च्या आरंभीं, युद्ध संपावयास आठवडाही नव्हता त्या वेळीं, जर्मनांच्या बाजूनें लढलेले सुमारें ५०० रशियन शिपाई, बायकामुलें बरोबर घेऊन, जनरल होल्मस्टन-स्मिस्लोव्स्की यांच्याबरोबर शेलेनबर्गच्या बाजूनें देशांत शिरले. त्यांस आमच्या हवालीं करा अशी सोव्हिएट रशियाची मागणी आली. त्या वेळीं मोठमोठीं विजयी राष्ट्रें अशा माणसांस गाड्यांत भरून परत पाठवीत होतीं. लीख्टेनस्टाईननें, प्रथम होप यांच्या व सप्टेंबरापासून अलेक्झांडर फ्रिक यांच्या प्रधानकींत, जबरीनें कोणासही पाठविण्याचें नाकारलें. सुमारें २०० जण आपखुषीनें गेले; उरलेल्यांस त्या गरीब देशानें पोसलें, व त्यांतील पुष्कळ १९४७ सालीं आर्जेंटिनास गेले. ज्या देशापाशीं एक पलटण नाहीं त्यानें दाखविलेली ही छाती पाहून आम्हांस असें वाटतें कीं, प्रधान आणि प्रजा एका गांवचीं, एकमेकांस ओळखणारीं असलीं म्हणजे प्रधानाच्या ‘नाहीं’ या शब्दास वेगळें वजन येतें. व्हिएन्नाहून आलेल्या कारभाऱ्यानें व्हिएन्नास विचारून मग उत्तर दिलें असतें.

फ्रिक यांच्या सतरा वर्षांत म्हातारपणाचा विमा आला, व कारखाने वाढले. याच काळांत हेगच्या जागतिक न्यायालयांत नोटेबोम प्रकरणीं या देशानें ग्वाटेमालाविरुद्ध दावा लढविला. १९३९ सालीं झटपट दिलेलें नागरिकत्व दुसऱ्या राष्ट्रावर बंधनकारक नाहीं असा १९५५ सालीं निकाल लागून दावा बुडाला. हा खटला आमच्या धंदेबंधूंस पाठ असेलच. फ्रिक यांच्यामागून बाटलिनर, हिल्बे, कीबर हे प्रधान येऊन गेले. १९७० सालीं नागरिक पक्षाची बेचाळीस वर्षांची प्रधानकी संपली, एवढें या तिघांच्या काळाविषयीं पुरे. १९७८ सालीं आलेले हान्स ब्रुनहार्ट यांच्या कारकीर्दींत १९८४ सालीं पुरुष मतदारांनीं स्त्रियांस मताधिकार दिला तो २,३७० विरुद्ध २,२५१ अशा मतांनीं. ११९ मतांचें हें औदार्य! तेंही १९७१ व १९७३ सालीं दोनदां नकार दिल्यावर. लोकांच्या बाजूनें बोलणाऱ्यानें लोकांचा हा दोषही झांकूं नये.

राजा व प्रधान यांचें जुनें दुखणें पुन्हां उमळलें तें राजे हान्स-आडाम दुसरे यांच्या वेळीं. युरोपच्या आर्थिक क्षेत्रांत शिरण्याविषयींचें मतदान स्वित्झर्लंडच्या आधीं घ्यावें कीं नंतर, एवढ्या तारखेच्या वादावरून ऑक्टोबर १९९२ मध्यें राजानें सभा व मंत्रिमंडळ दोन्ही घरीं पाठविण्याची धमकी दिली. २८ तारखेस सुमारें दोन हजार माणसें फाडूझच्या सरकारी कचेरीपुढें जमलीं. तेवढ्या देशांत दोन हजार म्हणजे केवढा समुदाय! तडजोड होऊन तारीख नंतरची ठरली. पुढच्याच वर्षीं मार्कुस ब्यूखेल हे प्रधान झाले, व त्यांचें स्वतःच्याच पक्षाशीं फाटलें. सभेनें सप्टेंबरांत अविश्वास दाखविला. राजानें सभाच बरखास्त केली. ऑक्टोबरच्या निवडणुकींत लोकांनीं प्रधानाच्या पक्षास पाडून २८ वर्षांच्या मारिओ फ्रिक यांचा मार्ग मोकळा केला. सात महिन्यांच्या आंत एक प्रधान आला व गेला.

परंतु या सर्वांहून आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें एका न्यायाधीशाचें प्रकरण. प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष हेर्बर्ट विले यांनीं १९९५ च्या फेब्रुवारींत एका व्याख्यानांत सांगितलें कीं, घटनेच्या अर्थाविषयीं राजा व सभा यांत मतभेद झाल्यास निवाडा करण्याचा अधिकार राज्याच्या घटना-न्यायालयास आहे. हें मत एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें तर त्यास गुण मिळतील. राजानें मात्र त्यांस पत्र लिहून कळविलें कीं, पुढें तुम्हांस कोणत्याही सार्वजनिक जागेवर नेमणार नाहीं. आणि १९९७ सालीं सभेनें पुन्हां त्यांचेंच नांव सुचविलें असतां तें नाकारलेंही. विले यांनीं स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयांत दाद मागितली. २८ ऑक्टोबर १९९९ रोजीं त्या न्यायालयानें त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निकाल दिला. दोन धन्यांच्या भांडणांत पंच कोण, असा प्रश्न त्यांनीं केला, आणि एका धन्यानें प्रश्न करणाऱ्यासच दाराबाहेर काढलें.

मग राजानें ती फट बुजविण्याचें मनावर घेतलें. पण स्वतःच्या बाजूनें. मार्च २००३ मध्यें घटनेची दुरुस्ती लोकांपुढें ठेवण्यांत आली, व ती नामंजूर झाल्यास आपण व्हिएन्नास निघून जाऊं असें राजानें सांगून ठेविलें. युरोपच्या कायदेपंडितांच्या व्हेनिस आयोगानें आधींच तिच्यावर ताशेरे झाडले होते. तरी शेंकडा ६४.३ मतांनीं ती मंजूर झाली. वर सांगितलेला ‘किंवा’ ८० व्या कलमांत आला तो याच वेळीं. त्याच्या बदल्यांत राजावर अविश्वास ठेवण्याचा, इतकेंच नव्हे तर राजेशाही काढून टाकण्याचा अधिकार लोकांस देण्यांत आला.

राजाचे कैवारी विचारतात कीं, लोकांनींच मतें दिलीं असतां तुमची तक्रार कोणाविरुद्ध? १९१८ च्या लोकपक्षाची परंपरा सांगणाऱ्या आम्हांसारख्यांस हा प्रश्न खरोखर अडचणीचा आहे, आणि तो टाळून आम्ही पुढें जाणार नाहीं. राजाचा नकाराधिकार कमी करण्याची सूचना २०१२ सालीं आली तीही शेंकडा ७६ मतांनीं पडली. हे लोक भोळे नाहींत. ते हिशेबी आहेत. राजघराण्याच्या नांवावर त्यांची पेढी चालते, राजा स्वतःच्या खर्चासाठीं त्यांजवर कर बसवीत नाहीं, व दोन पक्षांच्या वाटणीवर देखरेख करणारा तिसरा कोणी असावा असें त्यांस वाटतें. परंतु ‘मी निघून जाईन’ असें सांगून मागितलेल्या मतास आम्ही मोकळें मत म्हणूं शकत नाहीं. आणि राजेशाही समूळ उपटून टाकण्याचा अधिकार हा नित्याच्या कारभारांत प्रजेच्या काय उपयोगी? ज्याला गळती बंद करावयाची आहे त्याच्या हातीं घर पाडण्याची पहार दिली, त्यांतलाच हा प्रकार.

२००३ नंतर संबंध मंत्रिमंडळ राजानें घरीं पाठविल्याचा प्रसंग आलेला नाहीं. २०१९ सालीं एका मंत्रीणबाईंस सभेच्या अविश्वासावरून जावें लागलें, त्यास युवराज आलोइस यांची संमति होती. दोन्ही धनी एका मतानें चालले. ओटमार हास्लर, चूचर, आड्रियान हास्लर, रिश अशा चार प्रधानांच्या कारकीर्दी या कलमाखालीं शांतपणें गेल्या, व आतां हास बाईंची चालूं आहे. पण राजाची मर्जी फिरली तर काय, हा विचार मनांत बाळगूनच त्यांस आपलें टिपण किल्ल्यावर न्यावें लागतें. ज्या प्रधानावर सभेचा पूर्ण भरंवसा आहे तो एका दिवसांत पदच्युत होऊं शकतो, व नवीन सरकार बसेपर्यंत मधला कारभार राजाच्या नेमणुकीच्या माणसांकडे जातो.

आमच्या मतें करावयाची दुरुस्ती फार मोठी नाहीं. ८० व्या कलमांतून राजाचा उल्लेख काढावा, ‘किंवा’ आपोआपच जाईल. आणि राजा व सभा यांच्या वादांत घटना-न्यायालयाचा निवाडा शेवटचा मानावा, जें विले यांनीं १९९५ सालीं सांगितलें होतें. घटनेच्या दुरुस्तीची सूचना आणण्यास त्या देशांत १,५०० मतदारांच्या सह्या पुरतात. त्या मिळणें कठीण नाहीं. मात्र लोकांनीं ती दुरुस्ती मतदानानें मंजूर केली तरी तिजवर राजाची सही लागते, आणि सही न करण्याचा अधिकार राजास आहे.